दारोदार रक्तदाब: नगर रस्त्याची शंभर वर्षं

पुण्याच्या नगर रस्त्यावरच्या वाघोलीत उच्च रक्तदाबाची माणसं किती, याचं उत्तर कुणापाशी मिळेल? औषधाच्या दुकानदाराला गोळ्यांचा खप सांगता येईल. डॉक्टरांना आपल्याकडे येणारे पेशंट माहीत असतील. पण ज्याला आपलं बीपी वाढलंय हेच ठाऊक नाही, तो या दोघांच्याही दारात उभा राहत नाही. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. क्रशरवर दिवसभर खडी भरणारा मजूर काय किंवा खराडीच्या आयटी कंपनीत रात्रपाळी करणारी तरुणी काय, एकशे साठ-शंभरचा रक्तदाब अंगावर घेऊन वर्षानुवर्षं कामाला जाऊ शकतात. मग एखाद्या सकाळी तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही, आणि घरचे रिक्षा शोधत धावतात. त्याआधीच आकडा हवा असेल, तर यंत्र आणि पट्टा घेऊन माणसाच्या घरीच जावं लागतं.

घरी जाऊन मोजण्याची रीत पुण्याला नवी नाही. तिची सुरुवात मात्र वाईट झाली. १८९७ च्या प्लेगमध्ये वॉल्टर चार्ल्स रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांना घराघरांत घुसवलं. माजघरं, देवघरं धुंडाळली गेली, आजाऱ्यांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेलं गेलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. हा प्रसंग आपण स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात शिकतो, आणि ते योग्यच आहे. पण सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातही त्याची जागा आहे. लोक आजारी माणसं लपवू लागले, आणि ज्यांना शोधण्यासाठी दारं फोडली तेच सापडेनासे झाले. आज पाहणीला आलेली मुलगी दाराबाहेर उभी राहून संमतीचा कागद वाचून दाखवते, ‘नाही म्हणालात तरी चालेल’ असं सांगते, त्यामागे जगभरच्या अशा अनेक चुकांचा इतिहास आहे.

प्लेगनंतर वीस वर्षांनी वेगळ्या स्वभावाचे लोक खेड्यांत शिरले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरवार अभ्यास करून १९१७ साली प्रसिद्ध केला. दुसरा अभ्यास त्यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्यासोबत केला, तो १९२१ साली आला. त्यासाठी निवडलेलं गाव होतं शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक, म्हणजे वाघोली ओलांडून नगर रस्त्यानेच पुढे. कुणाकडे जमिनीचे किती तुकडे, डोक्यावर कर्ज किती, घरात खातात काय, हे त्यांनी एकेका कुटुंबाकडून काढलं. घरोघरच्या हिशेबात बहुतेकांचं नुसत्या शेतीवर भागत नव्हतं. कचेरीत बसून दिसणारं गाव आणि उंबरठ्यावरून दिसणारं गाव यांत किती फरक पडतो, हे मॅन यांनी आकड्यांनिशी मांडलं. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ यांनी हीच पद्धत शहराला लावून पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि देशभर निवडक घरांत जाऊन प्रश्न विचारणं हे सरकारचं नेहमीचं काम बनलं.

या सगळ्या पाहण्यांत रक्तदाब कुठेच नव्हता. रँडच्या खुनाच्या आदल्या वर्षी, १८९६ साली, इटलीतल्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा हवेचा पट्टा आणि पाऱ्याची नळी जोडून रक्तदाब मोजून दाखवला होता. १९०५ साली कोरोटकॉफ या रशियन शल्यविशारदाने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे ऐकण्याची युक्ती सांगितली. तरीही कितीतरी वर्षं हे उपकरण दवाखान्याच्या टेबलावरून खाली उतरलं नाही. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ साली ५,२०९ धडधाकट स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग हृदयाला नि मेंदूला गाठतो, हे तिथे दिसलं. त्यानंतर निरोगी वाटणाऱ्या माणसांचा रक्तदाब मोजण्याला नवा अर्थ आला.

मुंबईचं या इतिहासात मोठं नाव आहे. १९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे आपल्या रुग्णांवरच्या नोंदींसह ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. सगळ्या जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं आणि १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण त्यांच्यासमोरचे रुग्ण आपण होऊन आलेले होते. शहरात असे किती, हा प्रश्न वेगळा होता. १९५९ साली डॉ. आर. व्ही. साठे यांच्या मुंबईतल्या पाहणीत उच्च रक्तदाबाचं प्रमाण सुमारे ३ टक्के निघालं. १९८० साली डॉ. पी. एम. दलाल यांच्या जुन्या मुंबईतल्या पाहणीत ते सुमारे १५ टक्के होतं. वीस वर्षांत पाचपट वाढ झाली, असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण पाहिलेली माणसं वेगळी, वयं वेगळी, मोजणारे हात वेगळे. शिवाय त्या काळात १६०/९५ ही सीमा धरत. नव्वदच्या दशकात ती १४०/९० झाली आणि काल ‘नॉर्मल’ असलेली कोट्यवधी माणसं एका रात्रीत यादीत आली. जुना आकडा नव्याशेजारी ठेवताना सीमारेषा कोणती होती हे आधी विचारलंच पाहिजे.

आता पुन्हा नगर रस्त्यावर. वाघोलीहून लोणीकंद, पेरणे फाटा आणि कोरेगाव भीमा मागे टाकलं की आत वढू बुद्रुक लागतं. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे. आरोग्याच्या क्षेत्रातले लोक मात्र ते आणखी एका कारणाने ओळखतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रुग्णालय उभं करून वाट पाहत बसायचं नाही, गावातल्याच माणसांना शिकवून वस्त्या-वस्त्यांवर पाठवायचं, हा त्यांचा आग्रह होता. कोयाजींना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचं खरं मोल मात्र पुढच्या पिढीच्या संशोधकांना कळलं असणार, कारण त्यांना ओळखीची दारं आयती मिळाली.

त्याच १९९३ साली केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन विवाहित स्त्रियांच्या पाळीची तारीख लिहून घेत, म्हणजे गर्भ राहिल्यावर अगदी सुरुवातीपासून नोंद ठेवता येई. पाळीची तारीख परक्या बाईला सांगायची, तीही महिन्यामागून महिने! घराचा एवढा विश्वास एका भेटीत मिळत नाही. जन्मलेली बाळं वजनाने हलकी पण अंगात चरबी राखून असलेली निघाली. त्या मुलांचा रक्तदाब पुढे सहाव्या आणि बाराव्या वर्षी मोजला गेला. मोठेपणीच्या बीपीची मुळं किती मागे जातात, हा आज जगभर अभ्यासला जाणारा प्रश्न या गावांनी पुढे नेला.

आणि मग २००२. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून केईएमच्या वढू केंद्राने शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची कायमची मोजदाद सुरू केली. प्रत्येक घराला क्रमांक, प्रत्येक माणसाला क्रमांक, आणि दर सहा महिन्यांनी फेरी. कोण जन्मलं, कोण गेलं, कुठली सून आली, कुठली लेक सासरी गेली, कोणत्या खोलीतला भाडेकरू बदलला. कोरेगाव भीमा आणि सणसवाडी परिसरात कारखाने वाढले तशा भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, परप्रांतातले आणि मराठवाड्यातले कामगार येऊ-जाऊ लागले. पाहणी करणाऱ्यांची खरी परीक्षा तिथेच होती. गेल्या फेरीत भेटलेला माणूस या फेरीत नाही, आणि त्याच खोलीत तिघं नवे आहेत. हे काम कंटाळवाणं आहे, त्याची बातमी होत नाही. पण रक्तदाबाच्या कुठल्याही टक्केवारीचा छेद ‘एकूण माणसं किती’ हा असतो. तोच कच्चा असेल तर वरचा आकडा कितीही अचूक मोजा, टक्केवारी कच्चीच राहणार.

त्या यादीचा उपयोग २००५ साली दिसला. आशियातल्या पाच देशांतल्या नऊ केंद्रांनी मिळून २५ ते 
६४ वयाच्या माणसांची पाहणी केली. भारतातून एकटं वढू होतं. सोबत बांगलादेश, इंडोनेशिया, थायलंड आणि व्हिएतनाममधली केंद्रं. प्रत्येक केंद्राने सुमारे दोन हजार माणसं यादीतून चिठ्ठी काढल्यागत निवडली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या एकाच पद्धतीने तंबाखू, आहार, वजन, कंबर नि रक्तदाब यांची नोंद केली. एकूण १८,४९४ माणसं. शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा रक्तदाब हनोईजवळच्या शेतकऱ्याच्या रक्तदाबाशेजारी ठेवता आला, कारण पद्धत एक होती आणि माणूस यादीतून आला होता, शिबिराला आपण होऊन आलेला नव्हता. पुढे २००७ मध्ये पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून अधिक लोकांच्या प्रकृतीची विचारपूस याच गावांत झाली.

राष्ट्रीय पातळीवर घरोघरी रक्तदाब मोजणं बऱ्याच उशिरा आलं. मुंबईच्या देवनारमधली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून करते आहे. पण पहिल्या तिन्ही फेऱ्यांत रक्तदाब मोजलाच गेला नाही. पाहणीचं लक्ष पाळणा, लसी आणि बाळंतपणावर होतं. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत पहिल्यांदा पट्टा बांधला गेला, तोही १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना आणि १५ ते ५४ च्या पुरुषांना. ज्या वयात बीपी सर्वाधिक असतं ते वयच बाहेर राहिलं. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पंधराच्या वरच्या सगळ्यांना घेतलं, ही सुधारणा फार मोलाची होती. महाराष्ट्रातलं काम कोविडच्या टाळेबंदीआधीच उरकलं, हे नशीबच.

घरात नेमकं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. आधी गाव किंवा शहरातला एक गट निवडला जातो, तिथल्या सगळ्या घरांचा नकाशा नि यादी होते, आणि त्यातून ठरावीक अंतराने २२ घरं निघतात. दार उघडलं की घरात एका चुलीवर जेवणारी माणसं कोण, ते आधी लिहिलं जातं. मग आरोग्य तपासनीस दंडाचा घेर मोजते, कारण जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त येतो. गेल्या अर्ध्या तासात चहा, जेवण, बिडी काही झालं का, ते विचारते. माणूस टेकून, पाय जमिनीला लावून बसतो. पहिलं रीडिंग, पाच मिनिटं थांबणं, दुसरं, पुन्हा थांबणं, तिसरं. परकी माणसं समोर बसलेली असताना पहिलं रीडिंग बऱ्याचदा चढं येतं. दहा बाय दहाच्या खोलीत मूल रडत असतं, नळाला पाणी आलेलं असतं, शेजारीण ‘माझं पण बघा ना’ म्हणत दारात आलेली असते, आणि तपासनिसाला ती पाच मिनिटं मात्र पूर्ण पाळायची असतात. यंत्र आपोआप आकडा दाखवतं, याचाही फायदा आहे. पाऱ्याच्या जुन्या मापकावर मोजणाऱ्याचा हात नकळत शून्यावर संपणारे आकडे लिहायचा. सीमाच १४० वर असेल, तर १३८ आणि १४२ या दोघांचं १४० करण्यात कितीतरी माणसं इकडची तिकडे होतात.

एवढं करूनही देशाचा आकडा एकच येत नाही, आणि वाचणारा गोंधळतो. चौथ्या कुटुंब पाहणीतून १५ ते ४९ वयोगटात सुमारे १८ टक्के. पाचव्या फेरीत पंधराच्या पुढच्या स्त्रियांत २१.३ आणि पुरुषांत २४ टक्के. २०१२ ते १४ दरम्यानच्या दोन मोठ्या सरकारी पाहण्या जोडल्या, तर अठरापुढच्या तेरा लाख प्रौढांत २५.३ टक्के. २०१७-१८ च्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग पाहणीत १८ ते ६९ वयात २८.५ टक्के. आयसीएमआर-इंडियाब या अभ्यासात विशीपुढे ३५.५ टक्के. पंचेचाळिशीपुढच्यांच्या ‘लासी’ पाहणीत ४५.९ टक्के. यातला कुठलाही आकडा खोटा नाही. वय वाढवा, आकडा चढतो. गोळी घेऊन आटोक्यात असलेल्याला धरा किंवा सोडा, आकडा हलतो. आणि एका दिवसाच्या भेटीत मिळते ती फक्त ‘वाढलेला रक्तदाब’ ही नोंद. डॉक्टर निदान करायला माणसाला पुन्हा बोलावतात, पाहणीला तशी सोय नसते. म्हणूनच ‘भारतात बीपी इतके टक्के’ असं वय न सांगता छापणाऱ्या बातम्यांनी लोकांचं नुकसानच होतं.

टक्केवारीपेक्षा अस्वस्थ करणारी गोष्ट चौथ्या फेरीच्या आकड्यांतून संशोधकांनी २०१९ साली काढली. रक्तदाब वाढलेल्या शंभरांपैकी ७६ जणांचं बीपी कधीतरी मोजलं गेलं होतं, ४५ जणांना ते वाढल्याचं माहीत होतं, १३ जण औषध घेत होते, आणि आटोक्यात होतं ते फक्त आठ जणांचं. घरोघरी गेल्याशिवाय ही उतरंड दिसलीच नसती, कारण दवाखान्याला शेवटचे तेराच दिसतात. उरलेल्यांचं काय होतं याचा अंदाज गडचिरोलीतून येतो. तिथे ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूच्या घरी जाऊन कारण विचारलं. लकवा, म्हणजे स्ट्रोक, हे मृत्यूचं सर्वांत मोठं कारण निघालं. सातातला एक मृत्यू त्याचा होता. मलेरिया आणि कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात!

मग वाघोलीत किती? कुटुंब आरोग्य पाहणी याचं उत्तर देऊ शकत नाही. तिचा सर्वांत बारीक आकडा जिल्ह्याचा असतो. भोरच्या डोंगरातलं घर आणि बायफ रोडवरच्या टॉवरमधला फ्लॅट एकाच सरासरीत जातात. दुसरी अडचण यादीची आहे. पाहणीची गावं-वस्त्या २०११ च्या जनगणनेवरून निवडल्या जातात, आणि त्या वर्षी वाघोली ही ग्रामपंचायत होती. वाघेश्वराचं मंदिर, जुनं गावठाण, पिलाजी जाधवरावांची समाधी, भोवती दगडखाणी. नंतरच्या दहा वर्षांत इथे सोसायट्यांचं रान उठलं, आणि ३० जून २०२१ रोजी वाघोलीसह २३ गावं पुणे महापालिकेत आली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ ची आहे. एखादी वस्ती पाहणीत निवडली गेली तर तिथली घरं नव्याने मोजून हिशेब सावरता येतो. पण निवड होण्याची शक्यता मात्र जुन्या लोकसंख्येवरच बेतलेली असते.

तिसरी अडचण सर्वांत अवघड. एका चुलीवर जेवणारे म्हणजे कुटुंब, ही व्याख्या वाघोलीत जागोजागी अपुरी पडते. कॉलेजांची वसतिगृहं तिच्यात बसत नाहीत. लातूरच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने अनाथ, उघड्यावर आलेली शेकडो मुलं शिकवायला आणली ती वाघोलीलाच, पण अशा संस्थांत राहणारे घरोघरच्या पाहणीच्या बाहेर राहतात. टॉवरमधले फ्लॅट दिवसा कुलूपबंद, गेटवर वॉचमन. खाणींवरच्या पालांना घरक्रमांक नाही, आणि खाण बंद पडली की वस्तीच उठते. २०२४ च्या डिसेंबरात केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला आणि दोन लहानग्यांसह तिघांचा जीव गेला. कामासाठी अमरावतीहून आलेल्या अशा माणसांना वाघोलीच्या घरयादीत जागाच नसते. उन्हात दगड फोडणाऱ्या, तंबाखू-मिसरीवर दिवस काढणाऱ्या या माणसांचा रक्तदाब मोजण्याची सर्वांत जास्त गरज आहे, आणि पाहणीच्या चाळणीतून नेमकी तीच गळतात.

हे काम अशक्य मात्र नाही. प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास असेल आणि तीन टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर साध्या निवडीला सुमारे ८०० प्रौढ पुरतात. एकाच इमारतीतली, एकाच वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात म्हणून ही संख्या दुप्पट धरली, तरी १,६०० होतात. एवढी माणसं महापालिकेचे कर्मचारी, आशा कार्यकर्त्या आणि नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनी मिळून एका हंगामात तपासू शकतील. मिळकतकराच्या नोंदीवरून सोसायट्यांची यादी निघेल. खाणींची यादी कागदावर मिळणार नाही. पण बस्तू रेगे यांच्या ‘संतुलन’ संस्थेने खाणकामगारांच्या मुलांसाठी पाषाण शाळा चालवल्या आहेत, आणि पाल कुठून उठून कुठे गेलं हे अशा शाळेच्या शिक्षिकेला कुणाहीपेक्षा आधी कळतं. सोसायट्यांत रविवारी सकाळी जावं लागेल, खाणीवर संध्याकाळी काम सुटल्यावर, मजूर अड्ड्यावर सकाळी सातच्या आत. आणि ज्याचं रीडिंग चढं निघेल त्याच्या हातात तारीख लिहिलेला कागद देऊन, त्या तारखेला वाघोलीच्याच सरकारी दवाखान्यात गोळ्या शिल्लक आहेत एवढी खात्री आधी करून ठेवावी लागेल.